तुझा स्टीलचा खुबा

मावशी, काल दुपारी जेवून जरा आडवी झाले तर तू आलीस. माझ्या पलंगापाशी, खाली लादीवर, चक्क मांडी घालून बसलीस. मी झोपेतच ओरडले, "अगं ऊठ आधी! खुबा निसटेल!" तू फक्त तुझी ती मान हलवलीस, जिच्यातून धड होही कळत नाही आणि धड नाहीही. मग जाग आली. पंखा फिरत होता, पडदा आत-बाहेर होत होता, आणि तू बसली होतीस तिथली लादी मी वेड्यासारखी हाताने चाचपून बघितली. गार होती.

तुझ्या त्या मानेचं मला लहानपणापासून कोडं होतं. "मावशी, चौपाटीवर जाऊया?" विचारलं की मान अशी काही डुलायची की जायचंय की नाही ते चपला पायात घालेपर्यंत कळायचं नाही. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आम्हाला शिकवलं, की माणूस हो म्हणतो ते कवटी आणि मानेचा पहिला मणका यांच्यातल्या सांध्यात, पुढे-मागे डुलून. आणि नाही म्हणतो ते पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यातल्या सांध्यात, खुंटीभोवती फिरल्यासारखं. दोन वेगळे सांधे! लेक्चर संपल्यावर मैत्रिणींबरोबर कँटीनला न जाता मी तडक लालबागला आले होते तुला हे सांगायला. तू घावणे काढत होतीस. सगळं नीट ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मग? एकाच सांध्यार भार कित्याक घालूचो?" आणि पुन्हा तीच मान हलवलीस.

लोकांना सांगताना मी "माझी मावशी गेली" म्हणते. लोक "अरेरे, वय काय होतं?" विचारतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. मावशी गेली म्हटल्यावर कुणी फार वेळ थांबत नाही गं. त्यांना कुठे समजावत बसू, की आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की तिचा चेहरा मला फोटोतलाच आठवतो, आणि बाबांनी मला तुझ्याकडे आणून सोडलं ते कायमचंच. लालबागच्या त्या एका खोलीत तू, तुझा राजू आणि मी. काका बोटीवर असायचे, कधीमधी यायचे, खेळणी द्यायचे, जायचे. मी तुला एकदा आई म्हणून हाक मारली होती. तू हातातलं काम टाकून मला भिंतीवरच्या फोटोसमोर नेलंस आणि म्हणालीस, "ती आई. ती ऐकता सगळा. माका मावशीच म्हण." मग मावशीच म्हणत राहिले.

हे सगळं मला आता सरळ रांगेत आठवत नाही. तुकड्या-तुकड्यांनी येतं, आणि नेमकं हात-पाय-मान असंच येतं. माझा धंदाच तो, काय करणार. दिवसभर परळच्या हॉस्पिटलात लोकांचे गुडघे वाकवायचे, खांदे उचलायचे, "आजोबा, अजून थोडं, अजून थोडं" म्हणायचं. संध्याकाळी घरी येते, डोळे मिटते आणि तू येतेस, पण एकदम अख्खी येत नाहीस.

कधी नुसता तुझा अंगठा येतो. अंगठ्याच्या मुळाशी जो सांधा असतो ना, तो घोड्यावरच्या खोगिरासारखा. एक हाड दुसऱ्यावर स्वार झाल्यासारखं बसतं, म्हणून अंगठा सगळ्या बोटांना जाऊन भेटू शकतो. तो नसता तर घास करता आला नसता. तुझा घास मला अजून दिसतो. भात, वर सोलकढीचा ओलावा, बोटांच्या टोकांवर बसलेला, आणि मागून अंगठ्याने हलकेच ढकललेला. एक राजूला, एक मला. मी तोंड मिटून बसले की तू तो घास हवेत फिरवत खोलीभर चालायचीस आणि शेवटी राजूच्याच तोंडात घालायचीस. मग मी भोकाड पसरायचे.

कधी तुझा खांदा येतो. तू परळच्या शाळेत पीटीच्या बाई. मैदान कसलं, दोन गिरण्यांच्या भिंतींमधला मातीचा पट्टा. पण तिथे तुझी लेझीम सुरू झाली की येणारे-जाणारे फाटकाशी थांबायचे. "हात खांद्यातून उघडा! कोपरातून नाय, खांद्यातून!" तुझा आवाज अजून माझ्या कानात आहे. पोरांना तू सांगायचीस की खांदा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला लिंबू. हवा तसा फिरतो, म्हणून तर सांभाळायचा. खुबा मात्र खोल वाटीत, सहजासहजी हलायचा नाही. परीक्षेत मला उखळीच्या सांध्यावर प्रश्न आला तेव्हा मी पुस्तकातलं विसरून तुझा लिंबू लिहून आले आणि पास झाले. तुला सांगितलं तर म्हणालीस, "पास मी झालंय, तू नाय."

आणि कधी काहीच येत नाही, नुसता तेलाचा वास. माझी लेक झाली तेव्हा तू तिची टाळू भरायला रोज लालबागहून प्रभादेवीला यायचीस. मी तुला डॉक्टरी शिकवायला जायचे, "मावशी, हळू, कवटीची हाडं अजून जुळलेली नाहीत." तुझी बोटं तेव्हा इतकी हलकी असायची की तेल जातंय की नाही कळायचं नाही. कवटीतही सांधे असतात, न हलणारे. पण जुळून येईपर्यंत त्यांना वेळ द्यावा लागतो. आपण तिघी त्या खोलीत, बाळाला डुलकी लागलेली, तू मालवणीत काहीतरी पुटपुटतेस आणि मला बसल्या बसल्या झोप येते. माझी सगळ्यात सुखाची आठवण असेल तर ती हीच. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. मावशीचे कुणी आभार मानतं का?

मग तुझा खुबा गेला. आयुष्यभर मैदानावर उड्या मारून वाटीतली गादी पार झिजली. तू महिनोन् महिने "वात आसा" म्हणत तेल चोळत राहिलीस. शेवटी मीच तुला एक्स-रेला घेऊन गेले, ऑपरेशन झालं, आणि तुझ्या अंगात स्टीलचा दांडा, त्यावर गुळगुळीत गोळा आणि त्याला धातूची वाटी बसली. दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन तुझ्या पलंगाशी उभी होते ती मीच. ज्या बाईने मला चालायला शिकवलं तिला मी चालायला शिकवत होते. तू वॉकरकडे बघितलंस आणि म्हणालीस, "ह्या काय, पोरांचा खेळणा?" पण माझ्या खांद्यावर हात ठेवून उठलीस. पहिलं पाऊल टाकताना तू माझ्याकडे अशी बघत होतीस, की मी हो म्हटलं तरच जमीन पायाखाली येईल.

आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते अजून मिटलेलं नाही. नव्या खुब्याला मांडी घालायची नाही. खाली पाटावर बसायचं नाही. फार वाकायचं नाही. झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी. मी भिंतीला कागद चिकटवला, तू त्यावर कॅलेंडर लावलंस. मी खुर्ची आणली, तू तिच्यावर धुतलेले कपडे ठेवलेस. "खुर्चीत बसान खाल्लेला अंगाक लागणा नाय," हे तुझं शास्त्र. मी दाराची बेल वाजवली की आतून पाट सरकवल्याचा आवाज यायचा, आणि दार उघडायला तू यायचीस ती अगदी साळसूद चेहऱ्याने. "मांडी घातली होतीस ना?" की मान डुलायची. मी चिडायचे, खरोखर चिडायचे. "उद्या निसटला तर परत कोण बसवणार?" तू म्हणायचीस, "ह्यो खुबो माजो आसा गो बाय, तुजो नाय."

तो निसटला नाही कधी. वर्षं गेली, तुझं काय काय दुखलं-खुपलं, पण खुबा ठणठणीत राहिला. तू गेलीस तीही अशीच. राजूदादाला चहा टाक म्हणालीस आणि चहा येईपर्यंत गॅलरीतल्या खुर्चीत डोळे मिटलेस. खुर्चीत, मावशी! मी एवढी डोकं फोडून सांगायचे, आणि ऐकलंस ते शेवटी असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी गोळा करायला राजूदादाबरोबर मीही गेले. बायका जात नाहीत म्हणे. गेले. तिथल्या माणसाने राख चाळून ठेवली होती आणि तिच्या शेजारी विटेवर तुझा खुबा वेगळा ठेवला होता. दांडा, गोळा, वाटी. काळवंडलेला, पण अख्खा. "ये माताजी का पार्ट है," तो म्हणाला. "ले जाओगे या यहीं रख दूँ?" राजूदादा म्हणाला, "छोड दो." मी म्हणाले, "द्या इकडे." अजून कोमट होता. मी ओढणीत गुंडाळून घेतला.

अस्थी घरात नेत नाहीत. आपल्या चाळीत गॅलरीच्या टोकाला, खोलीबाहेर, खिळ्याला मडकं टांगायचे, आठवतं ना? आता त्याच जागेवर टॉवर, एवढ्या वरच्या मजल्यावर मडकं टांगणार कुठे? तेव्हा ते स्मशानातल्याच कपाटात राहिलं. पण खुब्याचं काय? लिफ्टमधून बाहेर आलो तर वहिनी दारात उभी. राजूदादाची बायको बिचारी स्वभावाने गरीब, पण त्या दिवशी तिने हात आडवा धरला. "मनीषा, ते घरात नको हं." मी म्हणाले, "वहिनी, या अस्थी नाहीत. हे इम्प्लांट आहे, कंपनीत तयार होतं." ती म्हणाली, "आईंच्या अंगातूनच निघालंय ना?" शेजारच्या काकूही बाहेर आल्या आणि दोघींच्या बाजूने बोलून गेल्या. शेवटी मी खाली उतरले आणि खुबा माझ्या घरी आणला. धुतला, पुसला, खिडकीत ठेवला.

मग राजूदादाने गुरुजींना विचारलं. गुरुजींनी पोथी चाळली म्हणे आणि सांगितलं, "आमच्या पोथीत स्टील नाही हो. धातू आहे, विसर्जनाला आणायची गरज नाही." राजूदादाचा मला फोन. "झालं मग. अस्थी नाहीत त्या. देऊन टाक कुठे तरी, भंगारवालाही नेईल." आणि माझं टाळकंच सरकलं. "भंगार? अरे, ती मावशी आहे!" तो म्हणाला, "कालपर्यंत तूच सांगत होतीस ना, कंपनीत तयार होतं म्हणून?" खरंच होतं. घरात यावा म्हणून मी त्याला वस्तू म्हटलं, आणि आता टाकू नये म्हणून तुला म्हणत होते. मी काही बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, "हे बघ मने, माझ्या आईचं काय करायचं ते माझं मी बघीन."

माझ्या आईचं. मावशी, तू होतीस तेव्हा त्याची आई आणि माझी मावशी अशी फाळणी आपल्या घरात कधी झाली नाही. दोघांना एकाच ताटातले घास, दोघांना एकाच पट्टीने मार. तू गेल्यावर आठवडाही झाला नव्हता, आणि मी त्या घरात पाहुणी झाले. खुब्यासाठी मी भांडत होते असं सगळ्यांना वाटलं. मला वाटत होतं की हा हातातून गेला तर मग लालबागला जायला मला काही कारणच उरणार नाही.

ते दिवस मी खिडकीशी बसून काढले. रजा होती. उन्हं खिडकीतून आत यायची, भिंतीवर चढायची, उतरायची, आणि मी गोळा वाटीत ठेवून फिरवत बसायचे. पुढे, मागे, बाहेर, आत, गोल. उखळीचा सांधा सगळीकडे जातो. मधेच डोळा लागायचा आणि तू माझ्या अंगावरून चालत जायचीस, मैदानावरच्या पांढऱ्या बुटांनी, आवाज न करता. जाग आली की गोळा फिरवून बघायचे, तर तो खडखडायचा. तुझ्या अंगात कधी खडखडला नव्हता. मग आठवलं, गोळा आणि वाटी यांच्या मध्ये प्लॅस्टिकचं एक पातळ अस्तर असतं. ते जळून गेलं. धातू तेवढा राहिला, धातूवर घासणारा.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की राजूदादा आणि मी एकमेकांशी थेट कधी बोललोच नाही. त्याला माझ्या लग्नाबद्दल काय वाटतं ते मला तू सांगितलंस. मला त्याच्या नोकरीची काळजी वाटते हे त्याला तू सांगितलंस. त्याचे गुडघे दुखतात हे तुझ्याकडून कळायचं, मी व्यायाम तुला दाखवायचे, तू त्याच्याकडून करून घ्यायचीस. इतकी वर्षं सगळं कसं सुरळीत चाललं याचं मला नवल वाटायचं. मधे तू होतीस म्हणून चाललं, दुसरं काय.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "उद्या सकाळी वरळीच्या कोळीवाड्यात ये. आणि ते घेऊन ये." एवढंच. मला वाटलं, घेऊन टाकणार आता. न्यायचा नाही असं मनाशी ठरवूनही मी खुबा कपड्यात गुंडाळून पिशवीत घातला. हे कसं झालं ते मला विचारू नकोस.

समुद्र अगदी शांत होता, दुधावरच्या सायीसारखा. होडीत राजूदादा, मी आणि नाखवा, बाकी कुणी नाही. किनारा धुक्यात गेला, टॉवर गेले, सी लिंक नुसती एक रेघ उरली. राजूदादाने मडकं उलटं केलं. तुझी हाडं पाण्यावर क्षणभर थांबली आणि विरघळल्यासारखी गेली. मी पिशवीतलं गाठोडं त्याच्यापुढे धरलं. "घे."

त्याने कापड सोडलं. मला वाटतं त्याने तो तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिला. गोळा वाटीत ठेवला, हळूच फिरवला. "असा फिरायचा?"

"हो. पण एवढा नाही. एवढा मी फिरू द्यायचे नाही."

"ती फिरवायचीच," तो म्हणाला. "रोज. मी पाट द्यायचो तिला. तू आलीस की मीच आत सरकवायचो."

काय सांगू तुला! इतकी वर्षं तुम्ही दोघं मिळून मला बनवत होतात. मी हसायला लागले आणि ते हसणं कधी रडणं झालं ते कळलं नाही. तोही रडत होता. स्मशानात नाही रडला, घरी नाही रडला, इथे हातात तुझा खुबा धरून लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून त्याने तो कापडासकट माझ्या मांडीवर ठेवला. "मने, मुलगा म्हणून अस्थी माझ्याकडे आल्या. हा सांधा तुझा. तू चालवलंस तिला याच्यावर. घरी ठेव नाहीतर सोड, मी कोण सांगणार."

घरी ठेवायचा म्हणून तर एवढी भांडले होते. पण तो आपणहून माझ्या हातात आला, आणि मला तो धरून बसायची गरजच राहिली नाही. मी होडीच्या कडेवरून हात पाण्यात घातला. बोटं पटकन उघडेनात. सांधे माझेच, पण ऐकेनात. मग उघडली. तू सरळ खाली गेलीस.

परत येताना राजूदादा बोलत होता. गुडघ्यांबद्दल, वहिनीच्या पाठीबद्दल, मुलाच्या ॲडमिशनबद्दल, सगळं माझ्याकडे बघून. मी म्हटलं, सोमवारी दोघं या डिपार्टमेंटला, मी बघते. किनारा जवळ आला तसा नाखव्याने इंजिन बंद केलं. आमचं रडणं-हसणं त्याने ऐकलंच असणार. होडी खांबाला बांधता बांधता त्याने विचारलं, "कोन गेलं म्हनायचं तुमचं?"

राजूदादाची आई आणि माझी मावशी, असं मी सवयीने सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच राजूदादा म्हणाला, "आमची आई."